कालव्यातला नारळ

सांगलीत पर्यावरण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही पहिल्यांदा कालव्याच्या पाण्याचा वेग मोजायला गेलो, तेव्हा मला कोण आनंद झाला होता. रिकामी बाटली वाऱ्याने भरकटते, म्हणून तरंगवायला मी दोन नारळ नेले. वरच्या खुणेपाशी ओरडून पहिला सोडला आणि सरांना मागे टाकून काठाने पळत सुटले. खालच्या खुणेपाशी फलटणची मैत्रीण मोबाईलवर वेळ लावून उभी होती. नारळ आला, आणि हिने मोबाईल खिशात टाकून हात जोडले. वेळ नोंदायची राहिलीच. मी भडकले.

"आगं, नारळ दिसल्यावर हात आपसूक जुळलं की," ती म्हणाली.

तणतणत मी दुसरा नारळ घेऊन वर गेले. सोडण्याआधी तो कपाळाला लावला, हे मला सर हसले तेव्हा कळलं.