सतरंजीसकट गोधडी

मंगळवार, शिमग्यानंतरचा आठवा दिवस, साल १९७१. स्थळ: देवळाली प्रवरा, आमच्या घराची ओसरी. हजर: मी, माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, नणंद शकू, शेजारच्या गंगूमावशी, आणि झोळीत शकूचं तीन महिन्यांचं बाळ. आमचे हे गैरहजर. (जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडलं की त्यांना हटकून उसाला पाणी द्यायचं आठवतं.)

बाळंतपणाला आलेली शकू त्याच दिवशी पाचच्या एसटीनं कोल्हारला सासरी निघणार होती. माहेराहून बाळासाठी जुन्या कपड्यांची गोधडी न्यायची आमच्याकडची रीत. तिच्या थोरल्या जावेनं नेलेली गोधडी पहिल्याच धुण्यात उसवली, तर सासूनं ती दोन वर्षं दारात पायपुसणं म्हणून टाकून ठेवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. शकूनं त्याची धास्तीच घेतली होती. शिवाय गोधडीच्या वरच्या थराला दादांचं, म्हणजे माझ्या वारलेल्या सासऱ्यांचं, एकच उरलेलं धोतर लावायचं होतं. नातवानं आजोबांच्या धोतरावर निजावं, एवढंच तिचं मागणं.

या कामाला मी तीन आठवडे राखून ठेवले होते. त्यातले वीस दिवस कपड्यांची वर्गवारी करण्यात गेले. शिवायला एक दिवस उरला.

एक दिवस तर एक दिवस. मी नगरची, शिस्तीत वाढलेली. देवळातल्या भजनी मंडळाची मोठी सतरंजी तात्यांकडून मागून आणली. तात्या मंडळाचे टाळ, वीणा आणि सतरंजी सांभाळायचे. "तीनला न्यायला येतो बरं का वैनी, सांजच्याला भजन हाय," एवढं बजावून त्यांनी ती दिली. मी ती ओसरीत अंथरली. तिच्यावर आत्याबाईंचं लुगडं, मध्ये ह्यांचे सदरे आणि शकूचे परकर, वर दादांचं धोतर. चार कडांना चौघी बसवल्या. प्रत्येकीला लांब सुई, मेण लावलेला दोरा आणि एकच नियम: कापड उचलायचं नाही.

"अगं, पर मधीमधी उचलून बघावं लागतंय," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी आजवर चाळीसेक गोधड्या शिवल्या असतील.

"उचललं की थर सरकतात, आत्याबाई."

"सरकंना. मांडीवर घेऊन शिवती मी."

"मांडीवर एकीलाच शिवता येतं. आपण चौघी आहोत."

त्या सुईत दोरा ओवायला लागल्या. (आणखी थोडा वाद घातला असता तर फार बरं झालं असतं.)

काम असं झपाट्यानं झालं की मी मनातल्या मनात स्वतःची दोनदा पाठ थोपटली. गंगूमावशींचा टाका तर असा आवळ, की त्या प्रत्येक टाक्याला सुई पार जमिनीपर्यंत खुपसून वर काढत. "जाऊबाईची उसवली न्हवं? ही बैलजोडी लावून ओढा म्हनावं तिच्या सासूला," असं त्या शकूला सांगत होत्या, आणि शकू महिन्यात पहिल्यांदा मोकळी हसत होती. पावणेतीनला शेवटची गाठ मारली.

तीनला तात्या आले. आम्ही गोधडीची चार टोकं धरून उचलली. सतरंजीही उठली.

"वैनी," तात्या शांतपणे म्हणाले, "आमची सतरंजी तुमच्या गोधडीला धरून बसलीय."

बसली नव्हती, शिवली होती. चौघींनी मिळून, ओळीनं, न चुकता. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या सरळ झोळीला झोका द्यायला गेल्या.

मी ताबडतोब उसवायची कामं वाटून दिली. पहिला दोरा ओढला आणि दादांचं धोतर चर्रकन फाटलं. विरलेलं कापड ते. दुसरा दोरा ओढला, आणखी बोटभर गेलं. शकूनं माझा हात धरला.

"वैनी, नगं. दादांचं तेवढंच हाय."

"मग सतरंजी?"

शकू रडायला लागली. तिचं बघून बाळ रडायला लागलं. तेवढ्यात तिचे दीर न्यायला आले आणि दारातच विचारते झाले, "कोन आजारी हाय का?"

साडेचार झाले होते. मी कात्री घेतली आणि गोधडीच्या कडेकडेनं सतरंजी कापली. कात्री फिरत होती तसे तात्यांचे ओठ आवळत गेले. सतरंजीच्या मागच्या बाजूला लाल रंगात नाव घातलेलं होतं, त्यातलं 'भजनी मंडळ' गोधडीबरोबर कोल्हारला गेलं. उरलेली सतरंजी खांद्यावर टाकून तात्या निघाले तेव्हा मधल्या भोकातून त्यांचं डोकं बाहेर आलं होतं.

"वर्गवारीतून पुष्कळ चिंध्या उरल्यात, तात्या. आठ दिवसांत ठिगळ लावून देते."

"द्या," तात्या म्हणाले. "तवर भोकाभोवती बसतो."

पंधरवड्यानं शकूच्या सासूबाईंचा निरोप आला. आम्ही पायपुसण्याची तयारी ठेवली होती. निरोप असा होता: आजवर आलेल्या गोधड्यांत हीच खरी, दोनदा धुतली, टाका हलला नाही. आणि देवापुढच्या भजनातलं कापड मुद्दाम नावासकट पाठीला लावून दिलंत, ही समज फार कमी लोकांना असते. पोरगं त्यावर शांत निजतं. दुसऱ्या बाळाला डिट्टो अशीच पाठवा.

आत्याबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे त्याच सतरंजीची लागंल," एवढंच म्हणाल्या.

याला आता तीन वर्षं झाली. सतरंजीचं भोक अजून तसंच आहे. चिंध्या निवडून ठेवल्यात, दोराही मेण लावून तयार आहे. मागच्या महिन्यात मी सुई घेऊन देवळात गेलेसुद्धा. पण शकूला पुन्हा दिवस गेल्याची बातमी माझ्या आधी तिथं पोचली होती, आणि तात्या सतरंजीची वळकटी करून तिच्यावर बसले होते.