तांदळातले देव

ती घटना आठवली की आजही हातातला घास हातातच राहतो. तेव्हा मी धारला ठाणेदार होतो. एका जुन्या मराठी घरातल्या आजी सुनेला घेऊन ठाण्यात आल्या. देवघरातले चांदीचे टाक, म्हणजे पिढीजात देवांच्या छोट्या पत्र्यावरच्या प्रतिमा, चोरीला गेले होते. संशय घरकामाच्या बाईवर.

मी आजींचा जबाब तीनदा घेतला. ही माझी रीत. खोटं बोलणारा तिसऱ्यांदा घसरतो. आजी तसूभर हलल्या नाहीत. टाक कुणी घडवले, सासूबाईंनी ते कोणत्या सणाला स्वाधीन केले, सगळं तोंडपाठ. सून मध्येच म्हणाली, "साहेब, हल्ली यांना जरा विसर पडतो..." मी तिलाच गप्प केलं. इतका पक्का साक्षीदार मला उभ्या नोकरीत भेटला नव्हता!

त्यात खबऱ्याचा फोन आला, "साब, वो बाई पोटली लेके गंधवानी की बस में बैठ री है।" बाईला उतरवून आणलं. पोटलीत दोन जुन्या साड्या निघाल्या, आजींनीच दिलेल्या. तरी माझा हट्ट सुटेना. दोन दिवस सकाळी बोलावून महिला शिपायासमोर बसवायचो, संध्याकाळी सोडायचो. ती एकच सांगायची, "साब, आजी को नहलाती मैं, खिलाती मैं। देवघर में तो आज तक पाँव नी रखा।" मी दरडावलं. तिच्या नवऱ्यालाही बोलावलं. वस्तीभर बोभाटा झाला.

तिसऱ्या दिवशी पंचनाम्यासाठी घरी गेलो. आजी दारात पिशवी भरून बसलेल्या.

"कुठे निघालात, आजी?"

"अहो, यांची बदली झाली ना नालछ्याला! टांगा येईलच आता."

यजमानांना जाऊन वीस वर्षं झाली होती. घर बंद करून गावाला निघताना देव तांदळात ठेवायचे, ही आपली चाल. देवासला माझी आईही हेच करायची, आणि मला मेल्याला दोन दिवस सुचलं नाही! तांदळाच्या डब्यात हात घातला. सगळे टाक तळाशी होते.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, अल्झायमर. मेंदूतल्या पेशींच्या बाहेर एका प्रथिनाचे थर साचतात, आत दुसऱ्याचा गुंता होतो, आणि पेशी मरत जातात. नव्या आठवणी जिथे रुजतात तो भाग आधी जातो. जुनं बरेच दिवस टिकतं. आपण वस्तू ठेवली हेच आठवत नाही, म्हणून माणूस चोर शोधतो. औषधाने थोडं सावरतं, बरं होत नाही.

साक्षीदार खरा असला म्हणून साक्ष खरी नसते, एवढं मी शिकलो. आजी खोटं बोलतच नव्हत्या, मग घसरतील कशा? पण या शहाणपणाचा त्या बाईला काय उपयोग? ती कुटुंबासकट आपल्या गावी, गंधवानीला निघून गेली होती.

काही महिन्यांनी सुनेचा फोन आला. आजी तिला ओळखत नव्हत्या, तिच्या हातून खात नव्हत्या. रोज एकच विचारत, "माझी बाई कुठे आहे?" मी स्वतः गंधवानीला गेलो, हात जोडले. ती उंबऱ्यावरूनच म्हणाली, "आजी को बोलना, खाना खा ले। मैं नी आऊँगी।"

परत येऊन आजींना सांगितलं, "ती येणार नाही. जेवून घ्या म्हणाली." आजींनी शांतपणे मान हलवली. मग माझ्या गणवेशाकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही पोलिसातले ना? माझी बाई हरवली आहे. तेवढी शोधून द्या."