पैठणीच्या पारखीनं घेतलेली काच

"मॅडम, इकडं या! धूप-छाँव आहे, धूप-छाँव!"

भाऊसाहेब पोलॅरिस्कोपला डोळा लावून ओरडले आणि मी हातातलं काम टाकून धावले. भाऊसाहेब म्हणजे आमचे मालक. चिकलठाणा एमआयडीसीत त्यांची लेन्स बनवायची छोटी फॅक्टरी होती, आणि मी तिथली क्वालिटी इनचार्ज. पण मालकांचं घराणं गुलमंडीवरच्या पैठणीच्या दुकानाचं. पदर हलवला की एकीकडून हिरवा, दुसरीकडून जांभळा दिसला पाहिजे, त्याला धूप-छाँव म्हणतात. असा रंग खेळला की माल अस्सल, हे त्यांच्या रक्तातच होतं.

आता समोर पैठणी नव्हती. रायफल स्कोपची लेन्स होती. स्कोप म्हणजे नेमबाज रायफलीवर बसवतात ती दुर्बीण. दोन दिवसांनी पुण्याचे इनामदार साहेब सॅम्पल बघायला येणार होते. पास झालं तर मोठी ऑर्डर, नाही तर पॉलिशिंग खातं बंद, असं भाऊसाहेबांनीच जाहीर करून टाकलं होतं. त्या खात्यातले शेखचाचा आणि त्यांची माणसं तेव्हापासून धड जेवतसुद्धा नव्हती.

घोळ काचेत होता. लेन्ससाठी काचेच्या गोल चकत्या येतात, त्यांना ब्लँक म्हणतात. भट्टीतून निघालेली काच फार सावकाश थंड करावी लागते. घाई केली की आत ताण राहतो. कडक उन्हात टाकलेला पापड वाकडा होतो ना, तसंच. अशी काच कितीही मन लावून घासा, मशीनवरून उतरली की आकार सोडते. मग स्कोपमधून टार्गेटची आडवी रेघ स्पष्ट केली की उभी पुसट होते. नेमबाजानं काय कपाळ बघायचं?

आमचा नेहमीचा सप्लायर काच चांगली द्यायचा, पण महाग, आणि वर उशीर. भाऊसाहेबांनी मला न विचारता दुसरीकडून स्वस्त ब्लँक उचलून आणले होते. पोलॅरिस्कोप ही तो ताण बघायची पेटी. आत नुसता काळोख दिसतो. चांगली काच ठेवली तरी काळोखच. ताण असलेली ठेवली की निळे-पिवळे रंग उमटतात.

"भाऊसाहेब, हे रंग म्हणजे रोग आहे," मी म्हणाले.

"काय बोलता! जुन्या काचेत काय दिसायचं?"

"काहीच नाही."

"मंग! पैसे मोजून काहीच नाय घ्यायचं व्हय? हे लई भारी आहे. साहेबांना पहिलं हेच दाखवतो."

"अहो, ते उठून जातील!"

"मॅडम, तुम्हाला काचेतलं कळतं, मला गिऱ्हाईकातलं. विषय संपला."

पालथ्या घड्यावर पाणी! माझं डोकंच फिरलं. जुने थोडे ब्लँक कपाटात उरले होते. ते घेऊन मी तरातरा शेखचाचांकडे गेले.

"चाचा, सब छोडो. इनकोच लगाओ."

"शेठ को बोले क्या?"

"नै बोले."

"तो फिर चाय अच्छी मंगाओ," म्हणत चाचांनी मशीन सुरू केलं.

इनामदार साहेब आले. शब्दही मापून वापरणारा माणूस. "चहा नको, लेन्स दाखवा," म्हणाले. भाऊसाहेबांनी त्यांना हाताला धरून पेटीशी नेलं.

"बघा साहेब, कसले रंग खेळतात! असा माल पुण्यात मिळायचा नाय."

साहेबांनी बघितलं. चष्मा पुसला, परत बघितलं. संपलं, मी मनात म्हटलं. दारातल्या चाचांनी तर डोळेच मिटून घेतले.

"सप्लायर हे लपवतात," साहेब शेवटी म्हणाले. "तुम्ही आपण होऊन दाखवताय?"

"आमच्याकडं लपवाछपवी नाय!" भाऊसाहेबांनी छाती काढली.

"छान. म्हणजे रिजेक्ट माल कसा ओळखता, ते आधी दाखवलंत. आता पास झालेला दाखवा."

भाऊसाहेबांचा चेहरा खाडकन उतरला. 'रिजेक्ट' हा शब्द त्यांनी दोनदा गिळला आणि माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले, चाचांनी केलेली लेन्स पेटीत ठेवली. काळोख. मग ती टार्गेट लावलेल्या टेस्ट बेंचवर बसवली. उभी आणि आडवी, दोन्ही रेघा एकदम लख्ख.

"हे पाहिजे. याच काचेत देणार असाल तर ऑर्डर पक्की."

"याच काचेत," मालकांच्या आधी मीच बोलून टाकलं.

"व्हय व्हय! मी मॅडमला दोन दिवस तेच सांगून ऱ्हायलो," भाऊसाहेब म्हणाले.

हसू दाबत चाचा बाहेर पळाले. मला पळायचीही सोय नव्हती.

ऑर्डर आली, खातं राहिलं, जुना सप्लायर परत आला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एक शिकले. मालकाला अक्कल शिकवायला जाऊ नये. त्याला गिऱ्हाईकासमोर खुशाल बोलू द्यावं. फक्त त्याचं बोलून होईपर्यंत आपला चांगला माल तयार असावा.