काकांचा फोल्डर आणि सूनबाईचा सर्व्हर

कारखान्यातून निवृत्त झालेल्या वायरमनकाकांनी घरचे सगळे व्हिडिओ माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये ठेवले होते. तो फोल्डर घरातल्या प्रत्येक टीव्हीला खुला होता. पण स्वयंपाकघरातला म्हातारा टीव्ही निम्म्या फाइली उघडायचाच नाही. काकू कुरकुरल्या की काका म्हणायचे, "फाइल दारात आणून दिली ना? उघडायचं काम टीव्हीचं!"

"म्हणजे शिधा दिला, आता तुमचं तुम्ही रांधा!" काकू फणकारायच्या.

शेवटी सूनबाईनं त्याच कॉम्प्युटरवर मीडिया सर्व्हर बसवला. ज्या टीव्हीला जे पचेल, तसा व्हिडिओ बदलून तो पुढ्यात वाढायचा. शिवाय बघणारा कुठे थांबला, हेही लक्षात ठेवायचा.

"नसते लाड!" काका गुरगुरले. "मी हात लावणार नाही त्याला."

रविवारी सगळे चहाला जमले, तेव्हा काकूंनी टीव्ही लावला. 'राहिलेलं पुढे पाहा' या ओळीखाली काकांच्या निरोप समारंभाचा व्हिडिओ होता. बटण दाबताच कारखान्याच्या साहेबांचा आवाज घुमला, "असा वायरमन पुन्हा होणे नाही!"

"हे कोण बघत होतं?" काकूंनी विचारलं. सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. "तुम्हाला तर कौतुकाचा तिटकारा आहे ना?"

काकांचे कान लाल झाले. रिमोट हिसकावून घेत ते म्हणाले, "म्हणून सांगत होतो, फोल्डरच बरा. निदान चहाड्या तरी करत नव्हता!"