डब्याची उधारी कोणत्या रकान्यात?

माझं संशोधन द्रवांवर आहे. पाण्यात साखर किंवा मीठ विरघळवलं की ते पाणी किती संथ वाहतं, हे काचेच्या वाकड्या नळीतून मोजायचं. घरी कुणाला सांगायला गेलं तर ऐकणाऱ्याला जांभई येते. यवतमाळच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि तास संपले की हे काम करते. त्या हिवाळ्यात माझ्या मदतीला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती. झरी जामणीकडच्या एका कोलाम पोडावरून, म्हणजे कोलामांच्या छोट्या वस्तीवरून, शिकायला आलेली. तिचा हात स्थिर होता आणि बोलणं बेताचं.

एका दुपारी मी प्रयोगशाळेत शिरले, तर ही चंचुपात्र तोंडाला लावून उभी.

"अगं, काय पितेस ते!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या व्हरांड्यातली पोरं डोकावली. प्रयोगशाळेतलं काहीही तोंडाला लावायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही. शेजारच्याच कपाटात अशा बाटल्या असतात की थेंबभर पोटात गेलं तर माणूस जायचा.

ती दचकली नाही. पात्र खाली ठेवत म्हणाली, "साखरेचं पाणी हाय मॅडम. मीच बनवलं आताच."

"पण कशाला?"

"भूक लागली होती."

मी तिला कँटीनमध्ये नेलं आणि पोहे मागवले. तिने ते इतके भराभर खाल्ले की मी न विचारताच दुसरी प्लेट सांगितली. काल दुपारपासून तिच्या पोटात काही नव्हतं. वसतिगृहातल्या बऱ्याच मुलींचं हेच चाललं होतं.

"पैसेच नाई आले न मॅडम दिवाळीपासून," ती म्हणाली.

हे पैसे म्हणजे काय ते सांगते. तिच्या वसतिगृहात पूर्वी खानावळ होती. मग वरच्या कुणाच्या तरी डोक्यात आलं की खानावळीत घोटाळे होतात, तेव्हा जेवणाचे पैसे सरळ मुलींच्या खात्यात टाकावेत. खानावळ बंद झाली. पण पैसे यायचे तेव्हा यायचे. जवळच्या गल्लीत एक बाई डबे करायची, तिच्याकडून मुली डबा घेत. दिवाळीनंतर बाईने उधारीवर डबा चालू ठेवला, पण तिचीही पुंजी ती केवढी! एक दिवस ती म्हणाली, "पोरीहो, किराणेवाला आता मलेच उधार देत नाई." डबा बंद झाला. मुलींनी घरून तांदूळ आणले आणि विजेच्या किटलीत भात शिजवायला लागल्या. मग तपासणी झाली. खोलीत स्वयंपाक करायला मनाई आहे म्हणून वॉर्डन बाईंनी किटल्या उचलून नेल्या.

मी त्याच संध्याकाळी वसतिगृहावर गेले. वॉर्डन बाईंना विचारलं, "खानावळ बंद, स्वयंपाक बंद, पैसे बंद. मग मुलींनी जेवायचं कसं, हे तुमच्या कुठल्या नियमात लिहिलंय?"

"खोलीत आग लागली तं नोकरी माझी जाईन मॅडम," त्या म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. पण त्यांच्या मागे, कपाटावर, त्या किटल्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघून माझं डोकं सणकलं.

दुसऱ्या दिवशी तिला आणि तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला घेऊन मी हे पैसे पाठवणारं सरकारी कार्यालय गाठलं. ही मैत्रीण दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावरची, कॉमर्सला होती, आणि बोलायला अजिबात न घाबरणारी. साहेबांनी मला खुर्ची दिली. मुली उभ्याच राहिल्या.

"निधी मंजूर आहे मॅडम," साहेब म्हणाले. "फक्त लिक्विडिटीचा प्रश्न आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पैसा आहे, पण मोकळा नाही."

माझ्या मागून तांड्यावरची मुलगी शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमचा पगार मोकळा हाय काय?"

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला पढवून आणलं होतं. मी काही पढवलं नव्हतं. मला सुचलं असतं तर मीच विचारलं असतं. माझ्या कपाटातल्या साखरेच्या बाटलीसाठी संशोधन अनुदान वेळेवर येत होतं. ती साखर कुणी खायची नव्हती, फक्त विरघळवून वाहवायची होती. आणि ज्या पैशातून पोरींनी दोन घास खायचे, तो तेवढा कुठेतरी गोठून बसला होता. साहेबांनी चहा विचारला. मी नको म्हटलं आणि उठले.

आम्ही चारपाच शिक्षिकांनी मिळून डबेवालीला किराणा भरून दिला आणि डबा पुन्हा सुरू झाला. त्यात उपकार नव्हता, नुसती लाज होती. महाशिवरात्रीच्या सुमारास एकदम सगळे पैसे मुलींच्या खात्यात आले. त्या बँकेतून निघाल्या त्या आधी डबेवालीकडे गेल्या आणि उधारी चुकती केली. आमचेही पैसे परत आणून दिले. आम्ही नको नको म्हणत होतो, तर तांड्यावरची म्हणाली, "ठेवा जी मॅडम, पुढच्या खेपेला मागता आले पाह्यजेन." उरलेल्यातून एकीने चप्पल घेतली, कुणी मोबाइलचं रिचार्ज मारलं. तांड्यावरचीने स्वतः थोडे घरी पाठवले. "याडीची तब्येत बरी नाई," म्हणाली. याडी म्हणजे तिची आई.

आता आमच्या कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या सरांकडे येते. माणूस सभ्य, आवाज कधी न चढवणारा. त्यांचं संशोधन असं, की हातात रोख पैसा आला की कुटुंब जेवणावर किती खर्च करतं आणि बाकी गोष्टींवर किती. वसतिगृहातली एक खोली म्हणजे एक कुटुंब असं धरून ते मुलींकडेही गेले. मुलींनी त्यांना बसायला खाटेवर चादर घातली आणि विचारलं ते सगळं खरं खरं सांगितलं. लपवण्यासारखं होतं काय त्यांच्याजवळ!

मार्चमध्ये कॉलेजात चर्चासत्र झालं. बाहेरगावचे पाहुणे होते. वसतिगृहाच्या मुली साड्या नेसून, छातीला बिल्ले लावून स्वागताला दारात उभ्या होत्या. सर बोलायला उठले. पडद्यावर ओळ आली: जेवणासाठी दिलेल्या रकमेचा मोठा भाग अन्नेतर बाबींवर खर्च होतो. त्याखाली दुसरी: लाभार्थींमध्ये आर्थिक शिस्तीचा अभाव.

पुढच्या रांगेतला एक पाहुणा म्हणाला, "मोबाइल, दुसरं काय!" सभागृह हसलं.

मी दाराकडे पाहिलं. झरीची मुलगी पडद्यावरच्या ओळी वाचत होती. तिचे ओठ हलत होते.

मी उभी राहिले. "सर, मुलींनी डब्याची उधारी फेडली. ती तुम्ही कोणत्या रकान्यात धरली?"

"कर्जफेड," ते म्हणाले. "म्हणजे अन्नेतर."

"आणि दिवाळी ते शिवरात्री त्यांचा जेवणाचा खर्च किती धरलात?"

त्यांनी कागद चाळले. "त्या काळात रोख खर्च जवळजवळ नाहीच."

"म्हणजे तुमच्या हिशोबात तेव्हा त्या जेवल्याच नाहीत, आणि पैसे आले तेव्हा त्यांनी ते उडवले. ज्या भाकरीचे पैसे फेडले ती भाकर अन्न नव्हती, तर काय होती सर?"

"मॅडम, रकाने मी ठरवत नाही. ती ठरलेली पद्धत आहे."

माझा आवाज बहुधा फार चढला असावा. प्राचार्य अर्धवट उठून म्हणाले, "मॅडम, हे आपण चहाच्या वेळेत बोलू." चहाच्या वेळेत कुणी बोललं नाही. आलूबोंड्यांच्या प्लेटा फिरत होत्या, आणि फिरवत होत्या त्याच मुली.

मला वाटलं होतं, मुलींना बरं वाटेल. झरीची मुलगी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आली ती खाली मान घालून. "मॅडम, तुम्ही काहून बोलल्या सगळ्यायसमोर? स्कॉलरशिपच्या फॉर्मावर सरच सही देते न."

राग माझा होता आणि भीती तिच्या वाट्याला गेली होती. मी एवढंच म्हटलं, "सही अडली तर मला सांग." तिने मान हलवली आणि नळी धुवायला घेतली.

त्यानंतर आठवडाभराने जे झालं त्यात माझा काही हात नव्हता. वसतिगृहातल्या सगळ्या मुली मिळून सरांच्या खोलीत गेल्या. पुढे तांड्यावरची होती, पण बोलली झरीची. मला हे सरांनीच नंतर सांगितलं.

ती म्हणाली, "सर, आमी तुमाले जे सांगतलं, ते आमाले वापस पाह्यजे. आमचं काई छापू नका."

सरांना वाटलं गंमत आहे. "असं परत देता येत नसतं."

"तुमीच म्हणले होते, नाई सांगायचं तं नका सांगू. आता आमाले नाई सांगायचं."

ते खरंच म्हणाले होते. सुरुवातीला तसं सांगावंच लागतं, नियम आहे. या एका नियमापुढे सरांचं काही चाललं नाही. लेख पुढे छापून आला, त्यात वसतिगृहाचं प्रकरण नव्हतं. सही मात्र त्यांनी कुणाचीच अडवली नाही, हे सांगायला हवं.

स्टाफरूममध्ये ते मला म्हणाले, "पोरींनी माझी सगळी मेहनत वाया घालवली मॅडम. त्यांच्याच भल्यासाठी चाललं होतं."

"मग त्यांना विचारून लिहा," मी म्हटलं.

"विचारलंच तर होतं!"

त्यांना ते कळलं नाही, आणि मला वाटत नाही की कधी कळेल. झरीची मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि एमएस्सीला अमरावतीला गेली. तिकडे खानावळ आहे, असं तिने फोनवर पहिल्यांदा सांगितलं, अभ्यासाचं नंतर.

इथे यंदाही दिवाळीनंतर पैसे आलेले नाहीत. खोल्यांमधून पुन्हा किटल्या गोळा झाल्या आहेत. परवा घरी यावरून माझा आवाज चढला, तर नवरा म्हणाला, "तुझं बीपी वाढेल." वाढू दे. उद्या सकाळी मी मुलींना घेऊन त्या कार्यालयात जाणार आहे, आणि या वेळी सगळ्यांसाठी खुर्च्या मागणार आहे.