मामीच्या बाजूचं चाक

माझ्या मामाला गाडीबद्दल कुणी शिकवलेलं खपत नसे. नाकावर राग, आणि स्टिअरिंग हातात असलं की दुप्पट. "पुढे खड्डा आहे," एवढं जरी कुणी म्हटलं तरी गाडी थांबवून तो म्हणायचा, "या, तुम्हीच चालवा." खाणीवरचे साहेबसुद्धा त्याच्या शेजारी तोंडाला कुलूप लावून बसत. मला याचं हसू यायचं. मामीला येत नसे, कारण तिला रोज बसावं लागे.

मामा खाणीची जीप चालवायचा आणि मामी खाणीवरच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायची. सकाळी दोघं एकत्रच वर जात. डांबर संपून मातीचा चढ आला की गाडी थांबे. जुनी जीप ती. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध वाटीएवढा खटका, त्याला हब म्हणायचे. चांगल्या रस्त्यावर हब मोकळे ठेवायचे, म्हणजे पुढची चाकं नुसती घरंगळतात आणि गाडी मागची ढकलतात. चिखल आला की खाली उतरून दोन्ही हब हाताने फिरवून बंद करायचे, मग आतला दांडा ओढायचा, की चारही चाकं कामाला लागतात. मात्र दोन्ही हब बंद हवेत. एकच फिरवला तर सगळा जोर मोकळ्या बाजूने पळून जातो आणि पुढची दोन्ही चाकं आयतोबासारखी बसून राहतात.

उजवा हब मामा फिरवायचा, डावा मामी. असं कधी ठरलं होतं की नव्हतं, देव जाणे. ती उतरायची, खटका फिरवायची, हात पुसत परत बसायची. खाणीवरची माणसं चिडवायची, "यांच्या संसाराला चारही चाकं आहेत." मामा खूश व्हायचा.

मामीच्या छातीत कळ आली ती सुट्टीच्या दिवशी, घरी. मी तिथेच होते. आम्ही तिला जीपमध्ये मागे आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर. इस्पितळाच्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीला काढलेला, म्हणून कच्च्या वाटेने वळसा घ्यावा लागला. चिखल सुरू झाला तशी मामाने गाडी थांबवली, उतरून उजवा हब फिरवला, परत बसून दांडा ओढला. रोजच्यासारखंच.

उतारावर जीप रुतली. मामाने फावडं काढलं, चाकांखाली दगड घातले, पोती घातली, गाडीला नाही नाही त्या शिव्या दिल्या. मागची चाकं जागच्या जागी फिरत खोल जात होती. मला तेव्हा गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मामी उघड्या डोळ्यांनी काचेतून त्याच्याकडे बघत होती. दोनदा तिचे ओठ हलले आणि मिटले. तहान लागली असेल म्हणून मी पाणी दिलं, तर तिने मान हलवली.

शेवटी मामा हातपाय गाळून सीटवर येऊन बसला आणि रडायला लागला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हा मामी म्हणाली, "अहो, रागावू नका. माझ्या बाजूचं फिरवायचं राहिलंय."

तो धावला. डावा हब फिरवला आणि जीप पहिल्याच दमात बाहेर निघाली. पण इस्पितळाचं फाटक दिसायच्या आत मामी गेली. डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आला असतात, तर प्रयत्न तरी करता आला असता." तोंड शिवून घेता आलं असतं त्यांनाही.

पुढे बऱ्याच दिवसांनी, मामा जेवायला उठेना म्हणून मी त्याच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मामा, घाबरलेला माणूस विसरतोच रे. किती मनाला लावून घेशील?"

"विसरलो त्याचं मी बघून घेईन गं," तो म्हणाला. "पण तिला पहिल्यापासून कळलं होतं. जीव चालला होता तिचा, आणि मी ओरडेन म्हणून ती गप्प बसली."