आवाज लावणारे सरदारभाई

येरमाळ्याजवळच्या आमच्या वाशीत सरदारभाईंना बोलावलं की खर्च होत नाही, ही त्यांची ख्याती. टेप असो, ॲम्प्लिफायर असो, आधी म्हणणार, "नवं काय घेऊ नका. हाय तेच नीट मांडू." फुकटच्या सल्ल्यावर माझा विश्वास नाही, मी मास्तर, आयुष्यभर तोच वाटत आलोय.

पण नव्या घरात माझी म्युझिक सिस्टिम किंचाळायला लागली. जुन्या घरात गोड वाजायची, इथं गायक पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गातोय असं वाटायचं. मी नवे स्पीकरचे बॉक्स आणायला निघालो, तर बायको म्हणाली, "आधी सरदारभाईंना बघू द्या."

रविवारी ते आले, सोबत त्यांची बायको खातूनबी. "येरमाळ्याला माहेरी सोडायचंय, म्हणून बरोबर," ते म्हणाले. खातूनबी आत आईकडं न जाता हॉलच्या मधोमध खुर्चीवर बसल्या. मला जरा विचित्रच वाटलं.

बॉक्स वर माळ्यावर होते. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू वाहिलेलं, आणि पुजलेली वस्तू पायाशी नको म्हणून आईनं ते तिथं चढवायला लावलेले. सरदारभाई म्हणाले, "आवाज डोक्यावरनं चाललाय. कानाच्या उंचीला आणा." आई ऐकेना. तेव्हा खातूनबी म्हणाल्या, "आक्का, स्टुलावर पाट मांडू. पाटावर देव बसतो, मग हे का न्हाय?" आईनं स्वतः पाट काढून दिले.

सरदारभाईंनी बॉक्स भिंतीपासून दीड वीत पुढं ओढले आणि तोंडं खुर्चीकडं वळवली. एका बॉक्सची तांबडी-काळी वायर मीच उलटी जोडली होती, ती सरळ केली. समोरच्या मोकळ्या भिंतीवर गोधडी टांगली. ढोलकी नुसती घुमत होती, त्या कोपऱ्यात ज्वारीची दोन पोती उभी केली. "जुन्या घरात मातीच्या भिंती, पोती, वाकळा," ते म्हणाले. "इथं नुसती फरशी. आवाज उड्या मारतो."

गाणं असं मोकळं झालं की मी खूश झालो. "सरदारभाई, चहा घ्या," म्हटलं. ते पाठमोरे होते, हलले नाहीत. तीनदा म्हटलं. शेवटी खातूनबींनी उठून कोपराला हात लावला तेव्हा वळले. मग माझी ट्यूब पेटली. हा माणूस सगळा वेळ बायकोच्या बोटांकडं बघत होता. बोट हललं की बॉक्स सरकवायचा, मूठ मिटली की थांबायचा.

माझा चेहरा बघून ते खाली बसले. "चाळीस वर्षं लग्नात भोंगे लावले, सर. डावा कान गेला, उजवाबी चाललाय. बाहेर बोलू नका. बहिऱ्याला आवाज लावायला कोण बोलवंल?"

मला वाईट वाटलं, आणि भीतीही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"बोलू द्या की," खातूनबी शांतपणे म्हणाल्या. "चार वर्षं झाली, प्रत्येक घरी खोटं माहेर सांगायचं. म्या काय चोरी करती व्हय?"

सरदारभाईंनी चहा घेतला आणि दोघं गेले.

पुढच्या आठवड्यात माझे सोबती आण्णासाहेब यांनी त्यांची सिस्टिम लावायला कुणी कारागीर आहे का विचारलं. मी नंबर दिला आणि जीभ दातांखाली धरली. दुसऱ्या दिवशी शाळेत ते म्हणाले, "अजब माणूस आहे हो तुमचा. फोनवर आधीच सांगितलं, मला नीट ऐकू येत न्हाय, मोठ्यानं बोला. ऐकायचं काम बायको करती. चालत असंल तर दोघं येतो."

"मग?"

"मग काय, या म्हटलं."